पाण्याला वाट

जुनी होडी घ्यायला आलेला माणूस आधी तिचं नाक बघतो. वर उचललेलं, लाटा कापत जाणारं नाक कुणालाही भुरळ घालतं. जाणकार मात्र वळसा घालून मागे जातो, मोटरचा खालचा दांडा दोन्ही हातांनी धरतो आणि वरखाली हलवून बघतो. मोटरबरोबर सगळी होडी हलली, तर ठीक. मोटरबरोबर होडीची मागची भिंत तेवढी हलली, तर तो काही न बोलता खिशातली गाडीची किल्ली चाचपू लागतो.

या मागच्या उभ्या, सपाट भिंतीला ट्रान्सम म्हणतात. वल्ह्यांच्या होडीत तिला विशेष काम नव्हतं. होडी मागून बंद करायची, एवढंच. मोटर आली आणि तिचं नशीब फिरलं. नॉर्वेत जन्मलेला ओल एव्हिनरूड विस्कॉन्सिनमधल्या ओकाउची तळ्यावर मित्रमंडळींबरोबर गेला होता, सोबतच्या बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं, म्हणून हा भर उन्हात वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला किती ते सोडून देऊ, पण 1909 मध्ये मिलवॉकीत त्याने होडीच्या मागे टांगायची मोटर विकायला काढली, हे खरं. तेव्हापासून ट्रान्समच्या कपाळी ओझं आलं. पंखा पाण्यात खोलवर फिरतो आणि पुढे रेटतो. त्या रेट्याने मोटरची खालची बाजू ट्रान्समला पुढे ढकलते आणि वर पकडलेला शिकंजा त्याच ट्रान्समला मागे ओढतो. एकाच फळीला दोन टोकांनी दोन विरुद्ध दिशांना पिळणं, म्हणजे मोटरवरचा प्रवास. त्यात होडी गाडीमागे बांधून रस्त्याने नेताना चाळीसेक किलोची मोटर मागे लोंबकळत प्रत्येक खड्ड्याला हिसके देते. पाण्यापेक्षा रस्ताच ट्रान्समला जास्त थकवतो, असं मेकॅनिक म्हणतात, ते उगाच नाही.

आम्ही राहतो त्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी 11,842 तळी आहेत. मे महिन्याच्या मध्याला वॉलाय माशाचा हंगाम उघडतो, तेव्हा शनिवारी पहाटे निम्मी वस्ती पाण्यावर असते. आमच्याकडे गणपतीला सुट्टी मागताना जसा कुणी खुलासा करत नाही, तसा इथे त्या दिवशीच्या गैरहजेरीचा कुणी करत नाही. शेजारच्या आजोबांची होडी अशा अनेक मे महिन्यांची साक्षीदार होती. 14 फुटांची, उघडी, तीन आडव्या बाकांची अल्युमिनियमची होडी. आजोबांच्या गुडघ्यांनी होडीत चढायला नकार दिला, तेव्हा त्यांनी ती मला दिली. पैसे घेतले, पण घ्यायचे म्हणून घेतले. “मागची बाजू जरा बघून घे,” एवढं म्हणाले. आजोबा कमी बोलणारे. त्यांच्या ‘जरा’त किती मावतं ते मला गॅरेजमध्ये कळलं.

अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 पासून बांधलेल्या प्रत्येक होडीवर ओळखक्रमांक कोरलेला असतो, आणि तो कोरायची जागा म्हणजे ट्रान्समचा उजवा वरचा कोपरा. आमच्या होडीच्या त्या कोपऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे ती त्याच्या आधीची. तिच्या पिढीच्या होड्यांची कुळकथा युद्धातून निघते. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अल्युमिनियमचे पत्रे वाकवणारे, लाखो रिव्हेट ठोकणारे कारखाने उभे राहिले, आणि 1945 मध्ये ते एका फटक्यात बेकार झाले. ग्रुमन या विमानकंपनीतला विल्यम हॉफमन 1944 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरांत जड लाकडी कनू खांद्यावर वाहून दमला, आणि विमानाच्या पत्र्याची कनू का नको, असा विचार करत परतला. पुढच्याच वर्षी ती तयार झाली. मिनियापोलिसला 1946 मध्ये अल्युमाक्राफ्ट सुरू झाली. न्यूयॉर्क मिल्स नावाच्या आमच्याच राज्यातल्या चिमुकल्या गावात 1948 मध्ये हॉवर्ड लुंडने होड्या बांधायला घेतल्या. मिशिगन सरोवराच्या काठी मॅनिटोवॉक गावात तर घरोघरची भांडी बनवणाऱ्या मिरो कंपनीने होड्या काढल्या. जर्मलची पातेली आणि होड्या एकाच कंपनीच्या! माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्यात आमटी करायची नाही, आंबट असते.” तिचं म्हणणं रसायनशास्त्राला धरूनच होतं, ते पुढे येईल.

अल्युमिनियमची खुबी अशी की हवेचा स्पर्श झाला की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडा पडला की तो थर पुन्हा धरतो. लोखंडाचा गंज खपल्यांनी गळून आतलं लोखंड उघडं पाडतो, अल्युमिनियमचा हा थर मात्र चिकटून बसतो आणि आतल्या धातूला राखतो. म्हणून रंग न दिलेल्या होड्या गोड्या पाण्यात पन्नास-साठ वर्षं बिनघोर राहतात. पण पत्रा पातळ असतो, दीड-दोन मिलिमीटरचा. मोटरची पकड तेवढ्याशा पत्र्यावर बसत नाही. शिवाय अल्युमिनियमला वाकवणं सोसत नाही. पोलादाला एका मर्यादेखालचे हेलकावे कितीही द्या, ते विसरतं. अल्युमिनियम लहानसहान हेलकावाही जमेस धरतं आणि हिशेब पुरा झाला की एके दिवशी चिरतं. म्हणून कारखान्याने ट्रान्समच्या पत्र्याला आतून लाकूड दिलं. पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर चिकटवून केलेली दीड इंची फळी. बाहेरून पत्रा, वरून अल्युमिनियमची टोपी, आत लाकूड. बाहेर जी दिसते ती धातूची होडी असते, आणि मोटरचं ओझं उचलतं ते कधी कुणाच्या नजरेस न पडणारं लाकूड.

वरची टोपी काढायची म्हणजे रिव्हेटांची डोकी ड्रिलने उडवायची. डोकं उडालं की उरलेली कांडी ठोकून बाहेर. टोपीखाली मात्र थरावर थर चढवलेलं सीलंट निघालं. पांढरं, त्याच्याखाली पिवळं पडलेलं, त्याच्याखाली काळं, डांबरासारखं. झाडाच्या खोडात वर्षं मोजावीत तशी त्यात काळजी मोजता आली असती. कुठे थेंब दिसला की आजोबांनी तिथे बोटाने सीलंट भरलं होतं. मोटरच्या बोल्टांभोवती, टोपीच्या कडेला, खाली पत्रा आणि लाकूड भेटतात त्या फटीत, सगळीकडे. ओळीने, नीट, एका हाताने. वरून दर हिवाळ्याला होडीवर ताडपत्री घट्ट आवळलेली असायची, ती मी स्वतः बघितली होती. आळशी माणसाची होडी नव्हती ही. गल्लीत एवढी निगा दुसऱ्या कुठल्याच होडीची नसेल.

आणि आत लाकूड नव्हतंच. लाकडाच्या आकाराचं काहीतरी होतं. आरी टोचली तर मुठीपर्यंत आत गेली. प्लायवूडचे पदर पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखे सुटले, मधूनमधून काळपट तपकिरी, चौकोनी तडे गेलेली भुसभुशीत ढेकळं निघाली. पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्याचा वास गॅरेजभर पसरला. मोटरच्या शिकंज्याखालच्या जागेत वर्तुळाकार खड्डा दबला होता, एवढीच त्या फळीत एके काळी ताकद होती याची खूण. पण मला जास्त धक्का बसला तो पत्र्याच्या आतल्या अंगाचा. लाकूड चिकटून होतं तिथे पत्र्यावर पांढरी भुकटी जमली होती आणि खरवडल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले. साठ वर्षं उन्हापावसात उघडा राहिलेला बाहेरचा पत्रा शाबूत, आणि झाकून ठेवलेला आतला पत्रा खाल्लेला.

मी गॅरेजमधल्या बादलीवर बसून त्या दोन बाजूंकडे आळीपाळीने बघत राहिलो. हे उलटं वाटत होतं, पण उलटं नव्हतं. अल्युमिनियमच्या त्या अदृश्य थराला सतत हवा लागते. ओल्या लाकडाने पत्र्याला दाबून धरलं की तिथली हवा संपते, थर पुन्हा धरत नाही, आणि साचलेल्या पाण्यातले क्षार पत्रा कुरतडू लागतात. आईच्या आमटीतही हेच, फक्त तिथे आंबट थेट थरावरच चालून जातं. लाकडाचंही गणित तसंच साधं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाणं, ऊब, पाणी आणि हवा अशा चार गोष्टी लागतात. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. आणि लाकूड पूर्ण बुडालेलं असेल तर हवेवाचून तिचा निभाव लागत नाही. एकोणिसाव्या शतकात विस्कॉन्सिन-मिनेसोटाची जंगलं तोडून ओंडके पाण्यातून वाहून नेत, तेव्हा कितीतरी ओंडके सुपीरियर सरोवराच्या तळाशी बुडाले. शंभर वर्षांनी, 1990 च्या दशकात, लोकांनी ते वर काढून विकायला सुरुवात केली. त्यांचं लाकूड टणक आणि इतक्या बारीक वर्षवलयांचं होतं की आज तसं झाडच मिळत नाही. म्हणजे कोरडं लाकूड टिकतं, बुडालेलंही टिकतं. कुजतं ते अर्धं भिजलेलं, पाणी आत आलेलं आणि बाहेर पडू न शकलेलं लाकूड.

आजोबांच्या सीलंटने नेमकं हेच केलं होतं. पाणी आत शिरायला केसाएवढी फट पुरते. अशा फटी राहणारच. बोल्ट हलतात, पत्रा उन्हात पसरतो, थंडीत आकसतो. पण बाहेर पडायला पाण्याला उतार लागतो, वाट लागते, वारा लागतो. तेवढं सगळं काळजीपूर्वक बंद केलेलं होतं. मग हिवाळ्यात आत साचलेल्या पाण्याचा बर्फ व्हायचा, तो नऊ टक्क्यांनी फुगायचा, प्लायवूडचे पदर सुटायचे, वसंतात पाणी आणखी आत उतरायचं. गळती दिसली की आजोबा आणखी एक थर द्यायचे. प्रत्येक थराबरोबर होडी बाहेरून जास्त नीटनेटकी दिसायची.

आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या घराची मला तेव्हा आठवण झाली ती हळवेपणाने नव्हे, एक मुद्दा म्हणून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखात लाकडाचे खांब शे-दीडशे वर्षं कसे उभे राहतात? त्या घरात एकही गोष्ट हवाबंद नाही. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर बाहेर जातो आणि धुराबरोबर ओलही. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडी तळखड्यावर टेकवलेले आहेत, कारण लाकडाचं कापलेलं टोक जमिनीतून पाणी पितं, हे सुताराला ठाऊक होतं. पाऊस घरात यायचाच नाही, असा त्या घराचा हट्ट नव्हता. कुठे ना कुठे यायचा, पातेलं लावावं लागायचं. आला तरी मुक्कामाला राहायचा नाही, एवढीच तजवीज होती.

नवी फळी कशाची करायची हा पुढचा प्रश्न. लाकडाच्या वखारीतला माणूस म्हणाला, औषध मुरवलेलं लाकूड घ्या, बुरशी जवळ येणार नाही. ऐकायला शहाणपणाचं होतं. पण ते औषध म्हणजे मुख्यतः तांबं. पूर्वी त्यात क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. 2003 च्या अखेरीपासून घरगुती बांधकामासाठी ते बंद झालं आणि नव्या औषधांत तांब्याचं प्रमाण वाढलं. तांबं मुरलेलं ओलं लाकूड अल्युमिनियमला टेकलं की दोन धातूंमध्ये बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत खर्ची पडतं ते अल्युमिनियम. म्हणजे कधीच न कुजणारं लाकूड घातलं की होडी खाऊन टाकणार. लाकूड तेवढं राहिलं असतं, अमर, आणि त्याच्याभोवती होडी नसती. मरीन प्लाय म्हणून मिळतो तो बऱ्याचदा गॅबनसारख्या देशांतून येणाऱ्या ओकुमे लाकडाचा असतो. तो हलका असतो, सरस पाण्याला दाद न देणारा, आतल्या थरांत पोकळी नाही. पण त्याचं लाकूड स्वतः काही फार कुज-विरोधी नाही. ‘मरीन’ हा शब्द लाकडाच्या जिवटपणाची हमी देत नाही, जोडणीची देतो. काचतंतू आणि फोमचे पत्रेही मिळतात, ते कुजत नाहीत आणि अल्युमिनियमशी भांडतही नाहीत. ते घेणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. मी लाकूड घेतलं ते एका हिशेबाने. लाकूड कुजतं तेव्हा सांगतं. ठोकलं तर आवाज बदलतो, टोचलं तर आरी जाते, आणि वीस वर्षांनी कुणी ते बदलायचं म्हटलं तर करवत आणि रंधा एवढ्यावर काम भागतं.

जुन्या फळीचे तुकडे पुठ्ठ्यावर मांडून आकार उमटवला. जिथे लाकूडच उरलं नव्हतं तिथे पत्र्यावरच्या डागाने कडा दाखवली. 19 मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून मूळच्या 38 मिलिमीटरला आणले. याहून जाड झाली तर मोटरचा शिकंजा बसत नाही, पातळ झाली तर पकडत नाही. इपॉक्सीला थंडीत वाळायला जमत नाही, साधारण पंधरा अंशांच्या वर ऊब लागते, म्हणून मिनेसोटाच्या फेब्रुवारीत गॅरेजला हीटर लागला आणि वीजबिलाने त्याची नोंद घेतली. इपॉक्सीचं एक वागणं मला फार आवडतं. पसरून दिलं की ते शांतपणे घट्ट होतं, पण भांड्यात साठवून ठेवलं की स्वतःच्या उष्णतेने स्वतःच तापतं, धुरकटतं, आणि हातात धरवत नाही.

फळीच्या कडांना, म्हणजे पाणी पिणाऱ्या त्या कापलेल्या टोकांना, इपॉक्सीचे तीन हात दिले. ते पितील तेवढं पाजलं. प्रत्येक बोल्टासाठी आधी मोठं भोक पाडलं, ते घट्ट इपॉक्सीने भरलं, आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाएवढं भोक पाडलं, म्हणजे बोल्टाच्या वाटेने आलेलं पाणी लाकडाला शिवणार नाही. एवढं सगळं बंद केल्यावर खालच्या कडेला मात्र पत्रा आणि फळी यांच्यामध्ये बोटभर फट मुद्दाम ठेवली. वरच्या टोपीला रिव्हेट न ठोकता स्क्रू लावले. आजोबा काठी टेकत बघायला आले होते. त्यांनी फटीत बोट घालून बघितलं.

“हे भरायचं राहिलंय.”

“नाही, ठेवलंय.”

“पाणी जाईल.”

“जाईल. आणि येईलही.”

ते बराच वेळ त्या फटीकडे बघत होते. मग माझ्या वाकलेल्या पत्रापट्टीवर एक टिप्पणी करून घरी गेले. त्यांना त्यांच्या सीलंटबद्दल मी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. जुन्या फळीचे तुकडे त्यांच्या पायाशीच पडले होते आणि वाचता येणारा माणूस होता तो.

कोपऱ्यांतले रिव्हेट मात्र जुन्याच पद्धतीने बसवायचे होते, आणि ते एकट्याने होत नाही. बाहेरून एकाने हवेवर चालणारी हातोडी रिव्हेटच्या डोक्यावर धरायची, आतून दुसऱ्याने पोलादाचा जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला लावून धरायचा. हातोडीच्या माऱ्याने शेपटी ठोकळ्यावर चेपून पसरते. मध्ये पत्र्याची भिंत, दोघांना एकमेकांचं काम दिसत नाही, आणि कानांवर आवाज अडवणारी झाकणं असल्याने बोलणंही ऐकू येत नाही. विमानाच्या कारखान्यात यासाठी टकटकीची खूण असते. आतल्याने रिव्हेटवर एकदा टकटक केलं तर अजून मार, दोनदा केलं तर झकास बसला, तीनदा केलं तर बिघडला, काढून टाक. युद्धकाळात बायकांच्या फौजांनी अशा खुणांवर बॉम्बफेकी विमानं शिवली. माझी पंधरा वर्षांची मुलगी आत होती. घरात तिच्याकडून “ठीक आहे” याच्या पलीकडे उत्तर मिळवणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. त्या दुपारी तिने मला बिनदिक्कत तीन-तीन टकटकी ठोकल्या. “बाबा, हा पण गेला!” हे तिने तोंडाने म्हटलं असतं तर आमचं भांडण झालं असतं. पत्र्याच्या पलीकडून आलेल्या तीन ठोक्यांवर मला रागच येत नव्हता. बिघडला तर बिघडला, डोकं उडवायचं, नवा घालायचा.

त्या ठोक्यांनी मला दुसरीकडेच नेलं. आमच्यासारख्या दूरदेशी आलेल्यांच्या घरात एक सीलंट पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. रविवारच्या फोनवर तिकडून “आमचं सगळं छान, तू तुझी तब्येत सांभाळ,” आणि इकडून “इकडे मजेत, थंडी जरा जास्त आहे.” वडील अंगणात पडले ते मला तीन महिन्यांनी, एका लग्नाच्या व्हिडिओत त्यांच्या हातातली काठी दिसल्यावर कळलं. माझी नोकरी गेली होती त्या उन्हाळ्यात मीही त्यांना तळ्यावरचे फोटो पाठवत होतो. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. “उगाच तुला काळजी” हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात निव्वळ माया असते, अगदी आजोबांच्या बोटातल्या सीलंटइतकी शुद्ध. थेंब दिसला की भरायचं. पण काळजी आत शिरायची थांबते थोडीच? ती फोनच्या आवाजातून येते, मध्येच थांबलेल्या वाक्यातून येते, आणि तिला बाहेर जायला जागा नसते. मग दोन्हीकडे बाहेरचा पत्रा चकचकीत आणि आत आरी मुठीपर्यंत जाईल अशी परिस्थिती.

फार बोलावं, सगळं बोलावं, असं मला म्हणायचं नाही. सगळं उघडं टाकलेली होडी तर पहिल्या पावसात भरेल. कडांना इपॉक्सी हवंच, बोल्टांना बंदोबस्त हवाच. पण खाली एक फट हवी, मुद्दाम ठेवलेली, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली. आमच्याकडे आता भावाने तशी एक ठेवली आहे. रविवारी फोन झाल्यावर तो मला वेगळा एक निरोप पाठवतो. त्यात आईची साखर किती, वडिलांचा रक्तदाब किती, औषध कुठलं बदललं, एवढंच असतं. कोरडे आकडे. त्यावर मीही माझे कोरडे आकडे कळवतो. घर घेतलं त्याचा हप्ता, ऑफिसात चाललेली कपात. हा निरोप वाचून मन हलकं होतं असं नाही, उलट कधी झोप जाते. पण झोप गेली ती त्या रात्रीची, पुढच्या महिन्यात ती साचून राहत नाही.

मेमध्ये होडी पाण्यात गेली. मोटर पूर्ण वेगाने सोडली तेव्हा ट्रान्सम हलला नाही, आणि हात धरून चढवलेले आजोबा पुढच्या बाकावर पाठ करून बसले होते तरी त्यांना ते कळलं. बाकाच्या कंपावरून कळतं म्हणाले. मासे मिळाले ते आजोबांना, मला तळ्याची थंडी. परत येताना उतारावर होडी वर ओढली आणि मी खाली वाकून ट्रान्समच्या तळाचं बूच काढलं. होडीत साचलेलं पाणी रस्त्यावर वाहिलं, आणि त्याच्याबरोबर फळीच्या खालच्या फटीतलंही. मिनेसोटात हा कायदाच आहे. एका तळ्यातले झेब्रा शिंपले पाण्याबरोबर दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून होडी रस्त्यावर नेताना बूच काढलेलं असलंच पाहिजे, नाहीतर दंड होतो. कायदा तळ्यांसाठी केला, पण त्याचं पुण्य होड्यांच्या मागच्या फळ्यांनाही लागतं, हे तो लिहिणाऱ्यांच्या मनातही नसेल.

ही फळीही कुजणार आहे. ऑक्टोबरात होडी ताडपत्रीखाली जाण्याआधी टोपीचे स्क्रू काढायचे, वरून आरी टोचून बघायची, ताडपत्री मागून सैल ठेवायची, असं मी आणि मुलीने ठरवलं आहे. आजोबांनी त्याची तारीख स्वतःच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, कारण आमच्यावर त्यांचा अजून पुरता विश्वास नाही. फळी कुजायला लागेल त्या वर्षी ते आम्हाला त्याच वर्षी कळेल, आणि बदलायला लाकूड वखारीत मिळेल. याच्याहून मोठी हमी मला कुठल्याच दुरुस्तीकडून नको आहे.